काल सोंग, आज येड

मी मंगल. आटपाडीकडची धनगरीन. मालक गेल्यापास्नं मेंढरं मीच राखली आन् कुनाच्या बापाला बोट दाखवायला जागा ठिवली न्हाई. सांज झाली की आमच्यात कोकरं सोडत्यात. दिवसभर वस्तीवर ठिवलेलं एकेक कोकरू उचलून ज्याच्या त्याच्या आईला लावायचं. अंधारात नुसता पाठीवरनं हात फिरवला तरी मला कळायचं, कुनाचं कोन.

यंदा थंडीत फ्लू झाला. ताप छातीत उतरला, सांगलीला दवाखान्यात ठिवलं, बरी हून घरी आले. म्हंजी खोकला गेला. डोस्कं मातूर संगं आलंच न्हाई. कोकरू हातात घ्यायचे आन् नुसती उभी ऱ्हायचे. चुकीच्या मेंढीला लावायचे, ती टक्कर मारून पाडायची, कोकरू उपाशी वरडायचं. लय रडू यायचं मला.

माझं धाकलं दीर, भाऊसो भावजी, म्हनायचं, वहिनीला कामाचा कटाळा आलाय, सोंग घेतलंय. सगळ्या वस्तीला हेच सांगत सुटलं.

मग दवाखान्यातनं बोलावनं आलं. तितं फ्लूच्या पेशंटांचं रक्त तपासायचं काम चाललं हुतं. माझं भरती झाले तवा घेतलं हुतं, आता परत घेतलं. मदिहा डॉक्टरीन वयानं पोरसवदा, पन नीट समजावून सांगती. म्हनली, मज्जातंतूंना मार बसला की त्यांच्यातलं काय काय रक्तात उतरतं. तुमच्यात ते तवा लय हुतं, आता कमी व्हायलंय. पयल्यागत कवा व्हाल, ते मातूर रक्त सांगत न्हाई.

भावजी संगं आलं हुतं. त्यांच्या कानात मज्जा तेवढं शिरलं. मज्जाच केली की खाटंवर पडून, म्हनलं. त्या पोरीनं त्यास्नी डोळं वटारून परत सांगितलं, मज्जा न्हवं, यांच्या मेंदूला मार बसलाय. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. सोंग न्हवतं, हे रक्तानंच सांगितलं.

कुटलं आलंय सुटनं! दिवाळीची सुट्टी लागल्यागत भावजी खूस. फलटनचा एक व्यापारी घिऊन आलं, माझा सगळा कळप इकायला. मेंढरं गेली की मी कुनाच्या तरी दारात भांडी घासायची. आन् त्या व्यापाऱ्याला माझ्या देखत सांगत्यात, हिच्या मेंदूला मार बसलाय, डॉक्टरीनच म्हनली, हिला काय इचारायचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळपाच्या जाळीपुढं आडवी उभी ऱ्हायले.

"भावजी, काल सोंग हुतं, आज येड लागलं. मधी कवातरी मी आजारी हुते का न्हाई तुमच्या लेखी?"

व्यापारी खाली बघाय लागला. भावजी म्हनलं, बरं, मग लावून दाखवा कोकरं.

लावली. पयलं बरोबर गेलं. दुसरं चुकलं, मेंढीनं उडवलं. भावजी हसलं. मी कोकरू उचललं, दुसरीपाशी न्हेलं. तिनंबी उडवलं. डोळं भरलं हुतं, पन आता मी काय थांबती व्हय? तिसरीपाशी न्हेलं. तिनं हुंगलं आन् उभी ऱ्हायली. कोकरू शेपटी हलवत प्याय लागलं.

मी पुढचं उचललं.

"दादा, तुमी जावा," व्यापाऱ्याला म्हनलं. "मला येळ लागंल. अजून लय कोकरं हायती."