चवथीआधीचा जोड

“वयनी, ही लाइन माझ्या हातची आसा. हिका तपासूची गरज नाय,” लवू म्हणाला आणि नव्या बाथरूमचा पाइप जुन्या न्हाणीच्या लाइनीला जिथे जोडायचा, तिथे त्याने खडूने खूण केली.

शर्मिला दारात हाताची घडी घालून उभी होती. “पण लवूकाका, परवा खालच्या वाडीत जोडणीआधी नीळ ओतून बघितलीत ना? मग आमच्याकडेच का नाही?”

“थंय काम दुसऱ्याचा होता.”

हे मात्र खरं. तीस वर्षं प्लंबिंग करणाऱ्या लवूचा दुसऱ्याच्या कामावर काडीचा विश्वास नव्हता. जुन्या लाइनीला हात लावण्याआधी बादलीभर पाण्यात नीळ कालवून ओतायची आणि ती कुठे निघते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, हा त्याचा नेम. माणूस तसा सज्जन, पण मालवणपासून कट्टा गावापर्यंतच्या झाडून सगळ्या प्लंबरांना त्याने एकदा तरी चोर ठरवलेलं होतं.

संशयाच्या बाबतीत शर्मिलाही काही कमी नव्हती. नवरा मुंबईत नोकरीला आणि ही सासूकडे, यशोदाकाकीकडे, येऊन पर्यटकांसाठी दोन खोल्या वाढवत होती. वर्षभर त्यांच्या विहिरीच्या पाण्याला वास येत होता, आणि वर्षभरापूर्वीच दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या दाजीने आपल्या पाहुण्यांच्या खोल्यांसाठी संडासाची टाकी बांधली होती. तिला एवढं पुरे होतं. तिने पंचायतीत अर्ज दिला. उद्या सकाळी माणसं पाहणीला येणार होती. टाकी बुजवायला सांगितली, तर ऐन मे महिन्यात दाजीचा धंदा बसला म्हणून समजा. त्या अर्जावर जाणकार म्हणून सही लवूची होती. “टाकी दाजीचीच गळता,” असं त्याने छातीठोक सांगितलं होतं. टाकीचं झाकणही न उघडता!

“तरी ओताच नीळ,” शर्मिला म्हणाली. “उद्या कुणी विचारलं, तर आपली लाइन तपासली म्हणून सांगता येईल.”

लवूला ते झोंबलं. तरी त्याने नीळ कालवली. एक बादली ओतली, दुसरी ओतली आणि परसातल्या माडाच्या आळ्यापाशी जाऊन उभा राहिला. न्हाणीचं पाणी बावीस वर्षं तिथेच निघत होतं; निदान त्याची तशी समजूत होती. आळं कोरडंच राहिलं. तिसरी बादली ओतली, तरी तेच.

“माडाची मुळां आडवी इली असतीत,” तो म्हणाला.

दुपार कलली तेव्हा विहिरीवरून यशोदाकाकीची हाक आली. “लवू, हय ये रे जरा.”

ती काठावर वाकून आत बघत होती. चिऱ्यांच्या सांध्यातून एक निळा ओघळ हळूहळू पाण्याकडे उतरत होता.

“काकी, तुमी दोघांय घरात जावा. मी खणून बघतंय,” लवू म्हणाला.

विहिरीपासून दोन हातांवर त्याने कुदळ घातली. कमरेएवढं खणल्यावर जे लागलं, तो मात्र पाइप नव्हता. छपराची दोन नळीची कौलं होती, एका उताण्यावर दुसरं पालथं घालून सिमेंटने लिंपलेली. वरचं कौल अलीकडेच, फार तर वर्षभरापूर्वी, मधोमध फुटलं होतं आणि आत माती बसून पाणी विहिरीकडे वळलं होतं.

आणि लवूला सगळं आठवलं. बावीस वर्षांपूर्वीचा गणेशचवथीचा आदला दिवस होता. पाइप हातभर कमी पडला, मालवणातलं दुकान बंद, आणि त्याच्या घरी गणपती आणायला सगळे खोळंबलेले. काकीच्या गोठ्यावरची दोन कौलं काढून त्याने वेळ मारून नेली होती. चवथ झाली की येऊन बदलू, असं मनाशी म्हणाला होता. पुढे तो ते विसरला, अगदी प्रामाणिकपणे विसरला. लक्षात राहिलं ते एवढंच, की काम आपल्या हातचं आहे.

आसपास कुणी नव्हतं. बाजूलाच एक मूळ होतं, बोटाएवढं जाड. तुकडे मातीत गाडायचे आणि दोष मुळावर घालायचा, पाच मिनिटांचं काम. लवूला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. हे कळल्यावर उद्यापासून आपल्याला कोण बोलावणार?

पण आपण हे लपवलं, तर उद्या दाजीची टाकी बुजवली जाईल, हेही त्याला दिसत होतं. मग कौलाचे तुकडे पंच्यात घेऊन शर्मिलासमोर गेला. “वयनी, ह्या बघा. ह्या माझा काम.”

तिने तुकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिलं आणि मग गडग्याकडे. पलीकडे दाजी आमसुलं वाळत घालत होता. “वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नाही हो,” ती म्हणाली.

लवू तसाच गडगा ओलांडून गेला. “दाजी, अर्जार सही माझी आसा. उद्या सगळ्यांसमोर मागे घेतंय. दोष माझो होतो.”

दाजीचे हात थांबले. “टाकी तरी उघडून बघूची होती रे, लवू,” एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत लवूने मधे एकही जोड नसलेला अखंड पाइप बसवला. पण माती लोटली नाही. “वयनी, तुमी बघा. दाजी, तूय बघ. मगेच बुजवतंय.” आजवर त्याने आपलं काम कुणाला तपासू दिलं नव्हतं. दाजी उकिडवा बसला आणि त्याने पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवून पाहिला. नीळ पुन्हा ओतली. थोड्या वेळाने माडाचं आळं निळं झालं.

यशोदाकाकी कळशी घेऊन दाजीच्या विहिरीवर गेली होती. येऊन तिने लवूच्या पुढे तांब्या धरला.

“पी रे. दाजीच्या बावीचा आसा.”

लवूने निळीने माखलेले हात पंच्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि मग दोन्ही हातांनी तांब्या घेतला.