नावाड्याचं पान

मित्रांनो, टीव्हीवरची ती पुलाची मालिका तुम्ही पाहिलीच असेल. तिचं गाणंही तुम्हाला तोंडपाठ असेल. पण ती मालिका ज्याच्या पोटातून निघाली, तो मी काही तुम्हाला ठाऊक नसणार. मी एक जुनं, चित्रांचं पुस्तक. पुठ्ठा निळा, कोपरे झिजून गोल झालेले. एका नदीवर दगडी पूल कसा बांधला, पहिल्याच पुरात तो कसा वाहून गेला आणि लोकांनी तो पुन्हा कसा उभा केला, एवढाच इतिहास माझ्यात आहे.

मला दोन बहिणींनी घडवलं. थोरली शाळेत इतिहास शिकवायची. तिला सगळे ताई म्हणत. दुसरी चित्रं काढायची. तिला सगळे धाकटी म्हणत, आणि पुढे ती आजी झाली तरी धाकटीच म्हणत राहिले. दोघींची घरं एकाच मजल्यावर, दारं समोरासमोर. सकाळचा चहा इकडे, तर दुपारचा तिकडे. आपल्या दारांना कड्या आहेत हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

मला करताना त्या भांडल्याही खूप. "अगं ताई, तुझ्या शब्दांच्या गर्दीत माझं चित्र गुदमरतंय," असं धाकटीने म्हणायचं आणि ताईने तोंड वाकडं करून दोन ओळी खोडायच्या. पण एका पानावर भांडण झालं नाही. त्या पानावर पूल पूर्ण झाला आहे, लोक हसतखेळत पलीकडे चालले आहेत, आणि खाली काठावर म्हातारा नावाडी आपल्या पालथ्या नावेवर बसला आहे. हनुवटी तळहातावर. आता त्याच्या नावेत कोण बसणार? ताईने त्या पानासाठी मजकूर लिहून ठेवला होता. धाकटीने चित्र तिच्यापुढे ठेवलं. ताईने ते पाहिलं आणि आपला कागद घडी करून बाजूला सारला. त्या पानावर एकही अक्षर नाही.

कारण तो चेहरा त्यांच्या बाबांचा होता. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं आणि ओळ लावायची, यात त्यांचा जन्म गेला. मग छापखान्यात संगणक आले आणि बोटांतली ती कला एका झटक्यात मोडीत निघाली. बाबांनी कुणाला दोष दिला नाही. नुसते खिडकीशी बसू लागले. धाकटीने त्यांना तसंच पाहिलं आणि तसंच काढलं.

मी छापून घरी आलो तेव्हा बाबांनी ते पान उघडलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "नाव चांगली काढलीस, बाळ," एवढंच म्हणाले. चेहऱ्याबद्दल चकार शब्द नाही. त्या वर्षअखेरीस ते गेले.

माझे दिवस चांगले होते, मित्रांनो. वाचनालयांत माझ्यासाठी मुलं रांग लावायची. ताई मला शाळेत न्यायची, आणि नावाड्याच्या पानावर आली की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. मग काळ पालटला. माझी छपाई थांबली. माझी भावंडं वाचनालयांतून एकेक करून रद्दीत गेली, आणि मी ताईच्या कपाटात जाड शब्दकोशाच्या मागे ढकललो गेलो. मला तिथून बाहेर काढणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे धाकटीची नात. ती दोन घरांच्या मध्ये चेंडूसारखी फिरायची आणि आली की म्हणायची, "पणजोबांचं पान दाखव." पणजोबांना तिने पाहिलं नव्हतं. तिला ते माझ्यामुळेच माहीत होते.

अशात एक दिवस एक दिग्दर्शक घरी आला. माणूस चांगला होता, हे मी आजही म्हणेन. त्याने मला दोन्ही हातांत धरलं आणि तो म्हणाला, "मॅडम, मी या पुस्तकावर लहानाचा मोठा झालोय. याची मालिका करायचीय."

दोघी बहिणींना आनंदाचं भरतं आलं. धाकटीचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. बैठका, धावपळ तिला झेपत नव्हती. ती म्हणाली, "ताई, तूच बघ सगळं. फक्त चित्रांतलं काही बदलणार असतील तर मला आधी सांग."

"हा काय प्रश्न झाला?" ताई म्हणाली.

मला स्टुडिओत नेलं. तिथे माझा थाट काय वर्णावा! मऊ कापडाने मला पुसलं, एका तिरप्या फळीवर उघडं ठेवलं आणि माझ्या प्रत्येक पानाचा फोटो घेतला. दहाबारा तरुण चित्रकार माझ्याभोवती जमायचे. "हा नावाडी बघ, काय चेहरा आहे! याला हात लावायचा नाही, असाच घ्यायचा," असं त्यांतला एक म्हणाला, तेव्हा मी मनातून फुगलो. मला काय माहीत, त्या कौतुकातच पुढचं सगळं दडलेलं होतं!

वाहिनीच्या माणसांना गोष्ट आवडली, पण त्यांची एक अडचण होती. दिग्दर्शकाने ती ताईसमोर मांडली. "मॅडम, पूर हा काही खलनायक होत नाही. मुलांना समोर कुणीतरी वाईट दिसावं लागतं. आपला नावाडी आहे ना, त्याची रोजीरोटी जाते, म्हणून तो पूल पाडायला बघतो. बसतं की नाही बरोबर?"

"पण तसं झालेलं नाहीये," ताई म्हणाली. "त्याने काहीच केलं नव्हतं. तीच तर गोष्ट आहे."

"मॅडम, नुसतं बसलेलं माणूस टीव्हीवर चालत नाही हो. नाहीतर ते लोक मालिकाच नको म्हणतील. मग हे पुस्तक परत कपाटात."

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे तो शब्दकोश आला असावा. घरात दुधाच्या पातेल्यापासून दाराच्या रंगापर्यंत सगळं धाकटीला विचारून करणारी ती बाई, पण हे तिने एकटीने ठरवलं. "बरं," ती म्हणाली. घरी आल्यावर धाकटीने विचारलं, "काय गं, काय म्हणतायत?" ताई म्हणाली, "चाललंय सगळं छान." सांगू पुढे, असं तिने मनाशी म्हटलं असेल. ते पुढे काही आलंच नाही.

आणि त्या हुशार चित्रकाराने शब्द पाळला. चेहऱ्याला जवळजवळ हात लावला नाही. भुवया तेवढ्या वर चढवल्या आणि ओठांचा एक कोपरा खाली ओढला. तेवढ्याने बाबा गेले आणि बुडव्या आला. होय, मित्रांनो, तुमचा तो ‘बुडव्या नावाडी’!

पहिला भाग बघायला सगळे ताईच्या घरी जमले. शेजारी आले, मुलं जमिनीवर दाटीवाटीने बसली. मला टीव्हीशेजारी मानाने उभं ठेवलं होतं. पूल दिसला, टाळ्या पडल्या. मग अंधारातून एक माणूस पहार घेऊन पुलाखाली शिरला आणि कॅमेऱ्याकडे वळून दात विचकून हसला. मुलं खूश होऊन किंचाळली.

त्या गोंगाटात नातीचा आवाज स्पष्ट आला. "आजी, पणजोबा वाईट होते?"

धाकटीने तिला जवळ ओढलं. भाग संपेपर्यंत ती जागची हलली नाही. शेजारी अभिनंदन करून गेले, तेव्हा ती ताईकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"अगं, गोष्टीत कुणीतरी वाईट लागतो म्हणाले..."

"मी काय विचारलं? तुला माहीत होतं?"

"त्याला वाईट करणार हे माहीत होतं. चेहरा तोच ठेवतील असं नव्हतं वाटलं गं."

"मला का नाही सांगितलंस?"

ताईचा आवाज खाली गेला. "तू नको म्हणाली असतीस."

"हो," धाकटी म्हणाली. "म्हणाले असते."

तिने नातीचा हात धरला, ती समोरच्या घरात गेली, आणि आतून कडी लागली.

मालिका तुफान चालली. रस्त्यावर पोरं एकमेकांच्या मागे ‘बुडव्या आला रे’ म्हणून धावू लागली. माझी नवी, चकचकीत आवृत्ती निघाली, टीव्हीच्या चित्रांची. तिच्यात ते पान शब्दांनी गच्च भरलं आहे.

ताई दिग्दर्शकाकडे गेली. त्यालाही वाईट वाटलं. तो म्हणाला, "मॅडम, आता सगळं बनून तयार आहे. पण शेवटच्या भागात नावाड्याला सुधारतो. तो पुरातून एका मुलाला वाचवेल."

"त्याला सुधारायचं काय?" ताई म्हणाली. "तो बिघडला होता कधी?"

ताई मला कुशीत घेऊन घरी आली. समोरच्या दारापाशी थांबली, हात वर केला, आणि न ठोठावताच आपल्या घरात शिरली.

पुढे धाकटीच्या मुलीची दुसऱ्या शहरात बदली झाली आणि धाकटीही तिच्यासोबत निघाली. सामान उतरवत होते त्या दिवशी ताई मला घेऊन जिन्यात उभी राहिली. इतक्या दिवसांचं साचलेलं बोलायचं होतं, आणि तोंडून निघालं काय, तर "पडदे राहिलेत बघ तुझे."

"राहू देत," धाकटी म्हणाली.

ताईने मला पुढे केलं. "हे तरी ने."

धाकटीने मला हातात घेतलं. नेमकं तेच पान उघडलं आणि थरथरतं बोट त्या चेहऱ्यावरून फिरवलं. मग तिने मला मिटलं आणि परत दिलं. "तुझ्याकडेच असू दे, ताई. मला आता हे बघितलं की तोच दिसतो. तो हसणारा."

आता त्यांचे फोन होतात. हवा, गुडघे, औषधं, नातीची परीक्षा. माझा विषय निघत नाही. मी आता शब्दकोशाच्या मागे नसतो, ताईच्या उशाशी असतो. पण मला उघडायला तीही धजत नाही.

मित्रांनो, पुस्तकाची मालिका करू नये असं मी म्हणत नाही. मलाही पडदा आवडला होता, मलाही टाळ्या हव्या होत्या. पण जुन्या गोष्टीतल्या एखाद्या गप्प माणसाला वाईट ठरवणं फार सोपं असतं, कारण तो उठून काही बोलत नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, गोष्टी सांगाल, चित्रं काढाल, मालिका कराल. तेव्हा त्या माणसाच्या घरचं कुणी आहे का, ते शोधा. त्यांच्या दाराशी जा आणि आधी विचारा. ते नको म्हणतील अशी भीती वाटत असेल, तर नक्कीच विचारा.