टिलीच्या पोटावरची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, पण डोक्याखाली घ्यायची नव्हे. माझ्या पोटात कापूस नाही, पिसं नाहीत. चेरीच्या वाळलेल्या बिया आहेत. मला तापवायचं आणि दुखऱ्या जागी ठेवायचं. आमच्या बाझेलकडच्या डोंगरात चेरीची झाडं फार. लोक उन्हाळाभर फळं खातात, उरलेल्यांची दारू गाळतात, आणि मग बियांच्या ढिगाचं काय करायचं म्हणून माझ्यासारख्या उश्या शिवत बसतात.

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते. उंदराला भिते, कात्रीला भिते. पण सगळ्यात जास्त भिते माझ्याच आवाजाला. जरा हलले की मी 'खस्स' वाजते. तुम्ही म्हणाल, उशी वाजली तर कुणाचं काय बिघडलं? अहो, मी चित्रपटात कामाला होते!

मला शिवलं गोत्ते एमीने. बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला हातात धरते आणि पुढे जन्मभर तिच्यावर हक्क सांगते, ती गोत्ते. या एमीने धरलेली पोर म्हणजे ओटिली गीझिन. घरी सगळे टिली म्हणायचे. एकोणिसाव्या वर्षी टिली नाटकात काम करायला झुरिकला निघाली, तेव्हा एमीने गादीचं जुनं पट्ट्यापट्ट्यांचं कापड फाडलं आणि मला शिवून तिच्या हातात दिलं.

"परीक्षा आली की तुझ्या पोटात मुरडा येतो. आता तर रोजच परीक्षा. घे."

"गोत्ते, नाटकवाले हसतील गं मला."

"परकराच्या आत बांध. तिथं कोण बघतंय? आणि कोणी बघत असेल तर मला त्याचं नाव कळव."

पण नाटकात टिलीला माझी गरजच पडली नाही. रंगमंचावर ती म्हणे अशी वावरायची, जशी काही स्वतःच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकतेय. चार वर्षं मी पेटीत पडून होते. मग तिला पहिला चित्रपट मिळाला. ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, समोरची ती काळी काच तिच्याकडे बघत राहिली, आणि टिली पोट धरून पळत आली ती थेट पेटीपाशी. त्या दिवशी तिने मला पोटावर बांधलं. मग एकोणतीस चित्रपट झाले, तरी सोडलं नाही.

त्या काळी आमच्याकडच्या चित्रपटांत आई लागायचीच. टिलीचा चेहरा म्हणे सव्विसाव्या वर्षीच आईसारखा दिसायचा. दिग्दर्शक बदलायचे, सूचना एकच: "गीझिनबाई, सूप वाढा आणि काळजीत दिसा." टिली वाढायची आणि खरंच काळजीत दिसायची, कारण वाकलं की मी वाजेन ही धास्ती तिलाही होती आणि मलाही. 'शांतता!' असं कोणी ओरडलं की आम्ही दोघी श्वास रोखायचो. वर्तमानपत्रात छापून यायचं, 'श्रीमती गीझिन यांच्या अभिनयात आतून आलेली ऊब आहे.' आतून आलेली होती हे खरं. तासाभरापूर्वीच मला भट्टीतून काढलेलं असायचं.

तिने आठ चित्रपटांत मतदार मुलांच्या आया रंगवल्या, सगळ्या मतदारांना सूप वाढलं. तिला स्वतःला मत द्यायला मिळालं ते त्यानंतर. आमच्या देशात बायकांच्या बाबतीत घाई करत नाहीत.

एकदा हिमनदीवर चित्रीकरण होतं. तिथे भट्टी कुठली? कपडेपट सांभाळणारी आग्नेस मला घेऊन चित्रीकरणाच्या मदतीला आलेल्या सैन्याच्या तुकडीतल्या स्वयंपाक्याकडे गेली. त्याने मला सॉसेजच्या पातेल्याच्या झाकणावर ठेवून तापवलं. प्रसंग असा, की बर्फात गाडल्या गेलेल्या नायकाला एक दांडगा शिकवलेला कुत्रा हुंगून शोधतो. कुत्रा सुटला, नायकाच्या तोंडावर पाय देऊन पुढे आला आणि टिलीच्या पोटाशी येऊन भुंकायला लागला. अकरा वेळा हेच. मी भीतीने अर्धी झाले. आता बाई पदर... नव्हे, शाल बाजूला करणार आणि माझा निकाल लागणार! शेवटी नायक निळा पडला, तेव्हा दिग्दर्शकाने कथा बदलली. कुत्रा आईला वाचवतो असं ठरलं. त्या चित्रपटाला बक्षीस मिळालं आणि दिग्दर्शकाने भाषणात सांगितलं, की ही कल्पना त्याला पहाटे सुचली.

साठी उलटली तशी टिलीला कामं येईनाशी झाली. आया तरुण लागायला लागल्या. मी कपाटाच्या तळच्या खणात गेले. वीस वर्षं होते तिथे. एका हिवाळ्यात एका उंदरीने माझ्या कोपऱ्यात बाळंतपण उरकलं. नऊ पिल्लं. त्या दिवसांबद्दल मला फारसं बोलवत नाही.

आणि मग, टिली ब्याऐंशी वर्षांची असताना, उर्स नावाचा एक दिग्दर्शक घरी कॉफीला आला. पोरगेलासा, दाढी वाढवलेला, अतिशय प्रामाणिक. प्रामाणिक माणसांची मला भीती वाटते.

"गीझिनबाई, या खेपेला सूप नाही," तो म्हणाला. "एक म्हातारी आहे. लहानपणी गावाने तिला दुसऱ्याच्या शेतावर राबायला दिलेलं असतं. गरिबाघरच्या पोरांना देत ना तसं. ती म्हातारपणी ग्रामसभेत उभी राहते आणि पहिल्यांदा ते सगळं बोलते. सहा मिनिटं, मध्ये एकदाही न तोडता."

टिलीने कागद वाचले. बराच वेळ वाचले. मग म्हणाली, "माझी गोत्ते अशीच होती. सातव्या वर्षी दिली होती तिला. मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. हे मीच करणार."

"स्पष्ट सांगतो, निर्माते तुमच्या वयाला घाबरलेत. झुरिकमध्ये दुसऱ्या एक बाई बॅग भरून बसल्यात. पहिल्याच दिवशी काही गडबड झाली तर..."

"तर त्या येतील."

"येतील."

"चांगल्या आहेत का?"

"चांगल्या आहेत," उर्स म्हणाला. सांगितलं ना, प्रामाणिक.

तो गेला आणि टिलीने तळचा खण उघडला.

चित्रीकरण एका डोंगरी गावच्या सभागृहात होतं. लाकडी जमीन, लाकडी भिंती, बाकांवर खरेखुरे वीस गावकरी बसवलेले. आग्नेस आता स्वतः सत्तरीची होती, पण आली. तिने मला तापवून परकराखाली बांधलं. टिलीचं पोट असं थरथरत होतं, की मी आपोआप वाजत होते.

"थरथरू नकोस गं बाई," आग्नेस कुजबुजली. "नाहीतर ही बोंबलेल."

"मी थरथरत नाहीये. तीच थरथरतेय."

खरं सांगते, दोघीही थरथरत होतो.

ध्वनिमुद्रण करणारा होता रेटो. ग्राउब्युंडेनच्या डोंगराळ मुलखातला माणूस, कानावर सतत ते मोठे हेडफोन लावलेले. त्याने आल्या आल्या भिंतीवरचं घड्याळ बंद केलं होतं, आणि बाहेर चरणाऱ्या अकरा गायींच्या गळ्यातल्या घंटांमध्ये पायमोजे कोंबून आला होता. शांततेसाठी हा माणूस जन्मदात्या आईलाही श्वास घेऊ देणार नाही असं मला वाटलं.

"शांतता!"

टिली उभी राहिली. "मी सात वर्षांची होते," ती म्हणाली.

"थांबा!" रेटो ओरडला. "काहीतरी वाजतंय. खस्स असं."

मी गार पडले. तापवलेली असूनही.

मग शोध सुरू झाला. रेटोने पहिल्या बाकावरच्या एका आजोबांची कवळी काढायला लावली. त्यांनी ती निमूटपणे रुमालात गुंडाळली. उर्सला जाकीट काढायला लावलं. दुसऱ्या वेळी परत तेच: "मी सात वर्षांची..." "थांबा!"

"उंदीर असेल," आजोबा म्हणाले. कवळी नसल्यामुळे ते तीनदा म्हणावं लागलं.

"जमिनीखाली उंदीर असणारच," उर्स घड्याळाकडे बघत म्हणाला. "मांजर आहे का कुणाकडे?"

सगळं गाव मदतीला तयार. पाच मिनिटांत एक लठ्ठ पिवळं मांजर आलं. त्याला जमिनीवर सोडलं. त्याने जमिनीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मांजराला ऊब कळते, मित्रांनो. शिवाय माझ्या कोपऱ्याला त्या नऊ पिल्लांचा वास अजून होता. ते सरळ चालत आलं आणि खुर्चीत बसलेल्या टिलीच्या मांडीवर चढलं.

"राहू दे! राहू दे!" उर्स खूश झाला. "फार सुंदर दिसतंय. बाई, बसूनच बोला. कॅमेरा चालू!"

आणि मांजर पुढच्या दोन्ही पंजांनी कणीक तिंबावी तसं मला तिंबायला लागलं.

नख परकरातून आत आलं. परत आलं. माझी साठ वर्षांची शिवण ताणली गेली. मला ओरडताही येईना. टिली बोलत होती, आवाज फुटत होता, आणि पहिली बी सुटली. टप्. मग दुसरी. टप्, टप्. माझ्यातून बिया खाली जात होत्या आणि लाकडी जमिनीवर उड्या मारत होत्या. टिलीला पोटावरचं वजन कमी होताना कळलं. तिने वाक्य अर्ध्यात सोडलं. रेटो कानावरचे हेडफोन दाबून, हातापायांवर रांगत, आवाजाच्या मागोमाग आला आणि तिच्या खुर्चीपाशी थांबला.

"गीझिनबाई," तो हळूच म्हणाला, "तुमच्यातून बिया पडतायत."

सभागृहात सगळे बघत होते. उर्सचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मी समजले. झुरिकची बॅग निघाली.

टिली उठली. मांजर खाली ठेवलं. सगळ्यांच्या समोर परकरात हात घालून तिने मला बाहेर ओढलं आणि टेबलावर ठेवलं. अर्धी रिकामी, फाटकी, एका बाजूने करपलेली. जन्मात पहिल्यांदा मी उजेडात, चारचौघांत पडले होते. मला मरण यावंसं वाटलं.

"हीच वाजत होती," टिली म्हणाली. "मला भीती वाटते. पहिल्या चित्रपटापासून वाटते. नाटकात नाही वाटत. तिथे लोक खोकतात. कुणाची काठी पडते, कुणी घोरतं. कळतं की समोर माणसं आहेत. हा तुमचा कॅमेरा खोकत नाही."

उर्स फोन हातात धरून उभा होता. "उशीशिवाय जमेल का?"

"माहीत नाही."

"बाई, जमेल म्हणा हो! मला निर्मात्यांना काहीतरी सांगायला नको का?"

"खोटं कशाला बोलू?"

"कर की फोन," आग्नेस तिकडून कडाडली. "बोलाव तुझ्या त्या बॅगवालीला. ती संध्याकाळपर्यंत येईल. तोवर एकदा हिला करू दे. तेवढ्याने तुझी दाढी झडणार नाही."

उर्सने फोन खिशात घातला. "एकदा," तो म्हणाला. "एकदाच."

'शांतता!' झाली. मी टेबलाच्या कडेवर पडून होते. आणि मित्रांनो, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एकोणतीस चित्रपटांत मी टिलीला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. मी कायम कपड्यांच्या आत. मला फक्त तिचं पोट ठाऊक होतं. आता समोर तिचा चेहरा होता, आणि तो पांढराफटक होता.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "गावाने मला देऊन टाकलं."

आणि थांबली. तिचा हात पोटाकडे गेला. तिथे नुसतं कापड. हाताने ते कापड मुठीत धरलं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. कॅमेरा बघत होता. कोणी हललं नाही. गायीसुद्धा वाजल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. गोत्ते एमीसारखीच ही पण आता बोलणार नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि मला सरकताही येत नव्हतं.

तेवढ्यात कोणीतरी खोकलं.

रेटो. घड्याळ बंद करणारा, घंटांत पायमोजे कोंबणारा रेटो. तो जमिनीकडे बघत परत खोकला. मग आग्नेस खोकली. बोळकं घेऊन बसलेले आजोबा तर असे खोकले, की रुमालातली कवळी खाली पडली. मग सगळी बाकं. कुणी घसा खाकरला, कुणी नाक शिंकरलं, कुणी पाय घासले.

टिलीने वर पाहिलं. काचेकडे नाही, लोकांकडे. आणि ती बोलायला लागली. भीती तिच्या चेहऱ्यावरून कुठे गेली नव्हती. पण ती त्या कापऱ्या आवाजात सहा मिनिटं बोलली. गोठ्यात झोपायला लागायचं, ते बोलली. डुकरांच्या आधी जेवायला मिळायचं नाही, ते बोलली. शेवटी उर्स 'कट' म्हणायचं विसरला. मग म्हणाला तेव्हा त्याचं नाक वाहत होतं.

झुरिकच्या बाईंना फोन गेला नाही. खोकल्यांसकट तो प्रसंग चित्रपटात राहिला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'ध्वनीचा असा धाडसी विचार आपल्याकडे प्रथमच.' रेटोने ते कापून ठेवलंय म्हणे.

माझ्या सांडलेल्या बऱ्याचशा बिया त्या सभागृहाच्या फळ्यांच्या फटींतून खाली गेल्या. बाकीच्या बिया गावकऱ्यांनी वेचून दिल्या. आग्नेसने मला शिवलं, पण आता मी पोळीसारखी चपटी झाले आहे. टिली नवीन बिया भरून घेत नाही. उर्सने पुन्हा काम विचारलं, तर तिने होकार दिला आणि दोन दिवस पोट धरून बसली. तेव्हा मी होते तिच्याजवळ. यापुढे मला चारचौघांत टेबलावरच ठेवणार म्हणाली. मला अजून लाज वाटते. होईल सवय.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या वर्गात, घरात, सभेत कोणी बोलायला उभं राहिलं आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना, तर 'घाबरू नकोस' असं ओरडू नका. माणूस त्याने आणखी घाबरतो. एकटक बघत तर मुळीच बसू नका. जरासं खोका. त्याला कळू दे, की समोर माणसं आहेत.