मोफत हवा

मित्रांनो, मी सायकलमध्ये हवा भरणारा सार्वजनिक पंप आहे. वयाने तसा तरुणच, पण माझी घडण पाहून तुम्ही मला जुनाट म्हणाल. परभणी जिल्ह्यात ताडकळसहून पूर्णेकडे जाताना एक मोठं गाव लागतं. त्याच्या बस थांब्याजवळ कडुनिंबाखाली मी उभा आहे. गावाचं नाव सांगत नाही. माझा राग कितीही खरा असला, तरी गाव माझंच आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जाड लोखंडी नळा, वर आडवी मूठ, खाली रबरी नळी. नळ्याच्या आत दट्ट्याच्या टोकाला वाटीसारखा चामड्याचा वायसर. तो तेलाने मऊ असला की हवा दबते आणि ट्यूबमध्ये जाते. तो वाळला की हवा बाजूने निसटते. माझा सगळा जीव त्या एवढ्याशा चामड्यात आहे.

गावातलं सायकलचं दुकान बंद पडलं, मालक मोटारसायकलींकडे वळला, आणि शाळेच्या मुलींना तर सायकली नुकत्याच मिळाल्या होत्या. म्हणून मला आणलं. शेजारी सायकल टांगायला खांब रोवला, त्याला साखळीने पाना आणि पेचकस बांधले. वर पाटी लावली, ‘मोफत हवा’. नारळ फुटला, हार पडले, फोटो निघाले.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. रस्त्यावर बाभळीचे काटे, त्यामुळे रोज कुणी ना कुणी यायचं. त्यात ज्ञानेश्वरी माझी विशेष लाडकी. ती नववीत होती, लांबच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरून, यायची. माझ्याच पान्याने चाक खोलून ती पंक्चर काढायला शिकली. दट्टा दाबताना तिच्या दोन्ही वेण्या उडायच्या. मग ती टायर अंगठ्याने दाबून बघायची आणि म्हणायची, “टनाटन!”

जवळच पेरू विकणाऱ्या सुमनबाई म्हणायच्या, “पोरी, तू तर मिस्तरीच झालीस की!”

पण मला बसवणाऱ्यांनी एक गोष्ट ठरवलीच नाही. माझ्याकडे बघायचं कुणी? आधी पाना गेला, मग पेचकस. बाजाराच्या दिवशी विक्रेते माझ्या मुठीला आपल्या कापडी पालाचा दोर बांधू लागले. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक माझ्या गळ्यात आला. तेलाचा थेंब मात्र कुणी माझ्या आत सोडला नाही. उन्हाळ्यात माझं चामडं वाळलं, चिरलं. दट्टा खाली जायचा तो नुसता फुस्स आवाज करत. मला ओरडावंसं वाटे, अरे, वायसर बदला! पण मला तोंड कुठे आहे?

एका संध्याकाळी ज्ञानेश्वरीच्या चाकात काटा गेला. घरून आणलेल्या पान्याने तिने पंक्चर काढलं, पण हवा आणायची कुठून? तिने दट्टा दाबला, पुन्हा दाबला, शेवटी माझ्या मुठीवर डोकं टेकलं. मग सायकल ढकलत निघून गेली. पुढेही असंच होत राहिलं. ती घरी पोचेपर्यंत अंधार पडायचा. आणि एके दिवशी ती दिसेनाशी झाली.

बाजाराच्या दिवशी तिची आई केशरबाई आली, तेव्हा सुमनबाईंनी विचारलं, “पोरगी दिसंना की लय दिसापासून?”

“बसवली घरी,” केशरबाई म्हणाली. “तिचा बाप म्हनला, पोरीच्या जातीनं अंधाराचं यायचं न्हाई. आता एक स्थळबी बघितलंय.”

“आन् पोरगी काय म्हनती?”

“सायकल पुसत बसती नुसती.”

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. आणि त्याहून जास्त संताप आला.

मग एक दिवस माणसं माझ्याभोवती जमली. वाटलं, आता माझी दुरुस्ती होणार! त्यांनी मला पिवळाधमक रंग दिला. नवा हार घातला. सायकलीच्या प्रचारासाठी कार्यक्रम होता आणि पाहुणे जीपमधून आले होते. आयोजक शिवप्रसाद बोलत होते, “आपल्या गावात शहरासारखी सोय आहे...”

तेवढ्यात गर्दीतून केशरबाई आली. हातात ज्ञानेश्वरीची सायकल, चाक बसलेलं.

“साहेब, हवा भरा,” ती म्हणाली.

“अहो बाई, कार्यक्रम चालू हाय. नंतर बघू,” शिवप्रसाद म्हणाले.

“नंतर कवा? तुमी पाटीवर लिवलंय ना? मग भरा की!”

पाहुण्यांनी हसत दट्टा दाबला. फुस्स! पुन्हा दाबला. फुस्स! हसणं थांबलं. केशरबाईने सायकल जीपपुढे आडवी टाकली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली.

“पोरीची शाळा सुटली ह्या हवेपायी. हवा भरल्याबिगर सायकल हितून हलायची न्हाई.”

जीपच्या ड्रायव्हरने वायसर गेल्याचं ओळखलं, तसे शिवप्रसाद समोरच्या शेती औषधांच्या दुकानात धावले आणि फवारणीच्या पंपाचा चामडी वायसर घेऊन आले. तो मला बसत होता. ड्रायव्हरनेच मला खोलून तो बसवला, सुमनबाईंनी तेल दिलं. पाहुण्यांचा चहा निवायच्या आत मी दुरुस्त झालो! समोरच्या दुकानात ती वस्तू कायमच मिळत होती. रस्ता ओलांडायला मात्र कुणाला सवड नव्हती.

केशरबाईने स्वतः हवा भरली. ज्ञानेश्वरी आता पुन्हा शाळेत येते. पण सहामाही परीक्षा तिची बुडाली ती बुडालीच. आणि ते स्थळ मोडलेलं नाही, तिच्या बापाने फक्त थांबवून ठेवलं आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं काहीतरी असेल, हातपंप, दिवा, नाहीतर झोपाळा. त्याला हार घालू नका, रंगही देऊ नका. आधी ते चालतं का, एवढं हात लावून बघा. माझं हे नवं चामडं पुढच्या उन्हाळ्यात वाळणारच आहे. तेव्हा तेल घेऊन कोण येणार, ते मला आत्ता सांगा.