भुंगेरे ठेचणारा पाटा

मी एक जुना पाटा आहे. मित्रांनो, पाटा म्हटलं की तुम्हाला पुरण आठवेल. आठवू दे. पण मी काही गोडाचं सांगणार नाही. ठेचणं, चिरडणं, रगडणं हाच माझा जन्मभराचा धंदा.

माझा जन्मही मार खाऊनच झाला. पाथरवटाने मला काळ्या खडकातून फोडून काढलं आणि निपाणीच्या मालुबाईने घरी आणलं. दर वर्षी टाकी लावणारी बाई यायची आणि छिन्नीने माझ्या अंगावर खड्डे पाडून जायची. मी मनातून शिव्या द्यायचो. पण त्या खड्ड्यांमुळेच मिरची बारीक व्हायची. मालुबाईचा खर्डा खाऊन माणसं नाक पुसत माझं कौतुक करायची.

मग मिक्सर आला आणि मी परसात न्हाणीला टेकून उभा राहिलो. अंगावर शेवाळ चढलं. फार राग यायचा.

यंदा मालुबाईच्या सुनेने, पूर्णिमाने, परसात काकडीचे वेल लावले. बी तिने कणकुंबीहून, माहेराहून आणलेलं. दोन-दोन पानं फुटली आणि लाल भुंगेऱ्यांनी त्यांची चाळण केली. पूर्णिमा ते बोटांनी चिरडायची आणि रडायची. सासूला ते बघवेना.

"रडू नगं गं," मालुबाई म्हणाली, "आता ह्यांचा मुडदाच पडतोय बघ."

तिने मला आडवं केलं. लसूण, मिरच्या, कडुनिंबाचा पाला आणि वर भिजवलेला तंबाखूचा चुरा. तिने उभा जन्म विड्या वळलेल्या, तिला तंबाखूचं कसलं भय? पकडलेले भुंगेरेही तिने त्यातच घातले. ते वरवंट्याखाली कडाकड फुटले. खरं सांगतो, मला मजा आली. साबणाचं पाणी घालून, फडक्याने गाळून तिने तो रस वेलांवर मारला. भुंगेरे उताणे पडले, पाय झाडत मेले. मला आणखी हवे होते.

दुसऱ्या दिवशी सोमवार. वीज गेली, मिक्सर बंद पडला. मालुबाईचा उपवास होता, पण सुनेला खर्डा आवडतो म्हणून तिने माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मिरच्या मांडल्या.

"आत्ती, त्यावर तंबाखू वाटलीती न्हवं?" पूर्णिमाने विचारलं.

"व्हय, मग? जलमभर मशेरी लावली, काय झालं मला?"

इतक्या वर्षांनी माझ्यावर खर्डा! मी हरखून गेलो. खड्ड्यांत कालचा गाळ तुंबला होता, त्याची मला आठवणही झाली नाही.

तिखटापुढे पूर्णिमाला कडू चव कळली नाही. थोड्याच वेळात तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. ती ओकली, उताणी पडली आणि हातपाय झाडू लागली. अगदी त्या भुंगेऱ्यांसारखी.

"नागेंद्रा, धाव रं! पोरगी गेली माझी!" मालुबाई किंचाळली.

शेजारच्या नागेंद्रने रिक्षा दारात घातली. "गप मावशी, रडू नगं. पाय धर तिचं!"

दोन दिवस घर बंद होतं. तिसऱ्या दिवशी मालुबाई आली ती पहार घेऊनच. तिने माझ्यावर घाव घातले. माझा एक कोपरा उडाला. मी म्हटलं, घाल अजून.

पण मागून भिंतीला धरत पूर्णिमा आली. जिवंत होती. अंगात जीव कमी, पण जिवंत.

"आत्ती, दगडाला कशाला मारतासा? तंबाखू त्यानं न्हाई घातली."

मालुबाईच्या हातातली पहार गळून पडली. सुनेच्या पायाशी बसून ती पोटभर रडली.

आता माझ्यावर तांबड्या रंगाची फुली आहे. मी वेलांजवळ असतो आणि माझ्यावर फक्त लसूण आणि कडुनिंब वाटतात, तेही फवाऱ्यासाठी. मित्रांनो, घरच्या घरी केलं म्हणून विष काही मवाळ होत नाही. ज्यावर किडे माराल, त्यावर घास वाटू नका. मला कितीही घासा, कितीही धुवा, पण पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. वरवंटा फिरायला लागला की मला भुंगेरा कोण आणि पूर्णिमा कोण, हे कळत नाही.