चोवीस कुंड्यांची राखण

अकरा पोरं, अकरा तिकिटं, आणि एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही की इथे आखातातून उन्हाळ्यात सगळेच इंडियाला जातात! शाळेतल्या क्लबाने म्हणे ख्रिसमस ट्रीचं फार्म काढलंय. सगळं मुलंच बघणार, मोठ्यांनी नाक खुपसायचं नाही. पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता केला, त्यात जुलै-ऑगस्ट कोरे. शेवटी चोवीस कुंड्या आल्या बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, कारण क्लिनिकने मला रजा दिली नव्हती. नवरा सुरेश आणि लेक ओवी नाशिकला गेले. मी आणि कुंड्या राहिलो.

सुरुवातीला लेकीचा रोज फोन. "आई, शो मी द ट्रीज." मी कॅमेरा फिरवायची. "ओके, बाय." आईचं तोंड बघायची गरजच नाही! तरी मी कामावरून आले की फोन मांडीवर घेऊन बसायची. खोटं कशाला बोलू, घर खायला उठायचं.

रोपं टवटवीत होती. त्यामुळे फोन दिवसाआडवर आला, पुढे आठवड्यावर. झाडं बरी आहेत ना, मग झालं!

मग मी एक पाप केलं. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापून नळाला चटके देत येतं. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवून त्यातलं गार पाणी वापरतो. नवीन माणूस हमखास फसतो. मला इथे बारा वर्षं झाली, तरी ओवीला खोटंच म्हटलं, "अगं, चुकून नळाचंच पाणी घातलं. सुकायला लागलीत वाटतं." आणि कोपऱ्यातल्या एकुलत्या पिवळट रोपावर कॅमेरा धरला.

काय सांगू, तासाभरात तीन फोन! चार दिवस पोरगी माझ्याशी बोलत होती. एकदा तर "आई, तू जेवलीस का?" असं चक्क मराठीत विचारलं. फोन ठेवून मी रडले.

पाचव्या दिवशी दारात ताहेरुन्निसा. ओवीच्या क्लबातल्या राहिलची आई, अल वक्राला राहते. सुट्टी आटोपून लवकर परतली होती.

"शैलजाताई, ओवीचा फोन आला होता. म्हणाली, झाडं तुमच्याकडे न्या, वाचली तर वाचली."

आत आली. एकेक रोप चाचपून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"नको ताई, गाडी खाली आडवी लावलीय," ती म्हणाली आणि कुंड्या उचलायला लागली. मीही तिच्याबरोबर लिफ्टपर्यंत वाहिल्या.

संध्याकाळी ओवीचा फोन. काय खूश! "आई, आंटी म्हणाल्या सगळी जगतील! शी सेव्ह्ड देम!"

ताहेरुन्निसाने मला सांभाळून घेतलं होतं.

"बरं झालं गं," मी म्हटलं.

"सो नाऊ यू रिलॅक्स. आता सारखा फोन करून तुला डिस्टर्ब नाही करणार."

"अगं, डिस्टर्ब कसला—" म्हणेपर्यंत तिने फोन ठेवलासुद्धा.