आजोबा द्यायचे नाहीत

बालवर्गाच्या ताईंनी नाण्यांचं घर मांडलं, तिथून सगळा घोळ सुरू झाला.

आधी फळ्याशेजारी नाण्यांचा तक्ता होता. मुलं त्याच्याकडे बघून एका सुरात आकडे म्हणत, आणि तळहातावर खरं नाणं ठेवलं की नुसती हसत. त्यातून दोनचं नाणं अंगानं मोठं आणि पाचचं त्याच्यापेक्षा लहान. मुलं हटकून मोठ्यावर झडप घालायची. तेव्हा ताईंनी तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला आणि सांगितलं, ही नाणी म्हणजे एक घर आहे. मग चाल लावून म्हणायला घेतलं,

एक बाळ इवलं, खिशात घेई धाव
दोन काका दांडगे, नुसतं मोठं नाव
पाच आई ठेंगणी, तिच्या हाती घर
दहाच्या आजोबांना सोन्याची झालर

दहाच्या नाण्याची कड पिवळीधमक आणि मधला भाग पांढरा, अगदी टक्कल पडलेलं डोकं. मुलांना ते इतकं पटलं की आठवडाभरात कापडी पिशवीत हात घालून, डोळे मिटून, नुसत्या चाचपण्यानं ती आईला काकांपासून वेगळी काढू लागली. ताई हरखून गेल्या.

मोठ्या बाई मात्र हरखल्या नाहीत. मुख्याध्यापिका होत्या, लवकर हरखणं त्यांच्या पदाला शोभत नसे. त्यांनी बजावलं होतं की शुक्रवारी वर्गात दुकान मांडू, मुलांनी खरी नाणी देऊन वस्तू घेतल्या तर ठीक, नाहीतर तक्ता पुन्हा भिंतीवर, वर्ग दुसऱ्या बाईंकडे, आणि ताईंनी खाली कचेरीत बसून फीच्या पावत्या फाडायच्या. ताईंचं पावत्यांशी काही वाकडं नव्हतं. पण पावत्या गाणी म्हणत नाहीत.

शुक्रवारी दोन बाकं जोडून दुकान झालं. खडू, रबर, पेन्सिली, एक लाल चेंडू. मोठ्या बाई खणात थोडी मोड ठेवून, चष्मा नाकावर ओढून गल्ल्यावर बसल्या. प्रत्येक मुलाच्या पिशवीत चारही प्रकारचं एकेक नाणं, म्हणजे अख्खं घर.

पहिला आला तो बंब. सदा तापलेला असायचा म्हणून त्याला सगळे बंब म्हणत. त्याला पेन्सिल हवी होती, सातची. किती देशील, असं विचारताच त्यानं आई आणि काका काढून दाखवले. ताईंचा जीव भांड्यात पडला. मोठ्या बाईंनी हात पुढे केला, तशी बंबानं मूठ मिटली. आई दिली तर रात्री माझ्याजवळ कोण झोपणार, असा त्याचा सवाल होता.

मागची रबर घेणारी काका द्यायला तयार होईना. तिच्या मागच्यानं बाळ सरळ चड्डीच्या खिशात लपवलं. रांग होती, दुकान होतं, विक्री शून्य.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून ताईंकडे पाहिलं. म्हणाल्या, ओळख चांगली करून दिलीत हो, पण नाणं हातातून सुटायला हवं ना. ताईंना पावत्यांचं पुस्तक डोळ्यांसमोर दिसू लागलं.

रांगेत आता वाटाणी होती. ठेंगणी, गोल, सगळ्यांत धाकटी. तिला चेंडू हवा होता, नऊचा. ती आजोबांना दोन्ही मुठींत धरून उभी. ताई तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या आणि तिला हळूच विचारलं, तुझे आजोबा आत्याकडे राहायला जातात तेव्हा तू अडवतेस का? वाटाणीनं नाही म्हणून मान हलवली. आत्याचाही नंबर लागतो, असं तिला घरी समजावलेलं होतं.

"मग चार दिवस मोठ्या बाईंकडे जाऊ देत की."

वाटाणीनं गल्ल्याकडे वाकून पाहिलं. "तुमच्याकडे झोपायला जागा आहे?"

मोठ्या बाईंनी पदराआडचा रुमाल काढला, चौघडी केली आणि खणात अंथरला. तेव्हा कुठे आजोबा टेकले. चेंडू वाटाणीच्या हातात आला आणि मोठ्या बाईंनी खण लावून घेतला.

वाटाणी जागची हलेना.

"माझं बाळ?"

कुठलं बाळ, असं मोठ्या बाईंनी अगदी साळसूदपणे विचारलं.

"चेंडू नऊचा. आजोबा दहाचे. एक बाळ तुमच्याकडे राहिलं."

मोठ्या बाईंनी खण उघडला आणि मुद्दाम दोनचं नाणं पुढे सरकवलं. घे, काका घे, चांगला मोठा आहे.

वाटाणीनं काका परत ढकलला. "काका नको. मग तुमच्याच घरात एक कमी पडेल."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला, आणि बाळ तिच्या तळहातावर ठेवलं.

मग काय, सगळ्यांचीच घरं गावाला निघाली. काका घोरतात, त्यांना वेगळं झोपवा. आईला खिडकीजवळ जागा द्या. बंबानं तर आईला दोनदा परत बोलावून पुन्हा पाठवलं. मोठ्या बाई प्रत्येकाची सूचना ऐकून घेत होत्या आणि मोड मोजून परत करत होत्या. बाकावर शेवटी एक तुटका खडू उरला.

मुलं घरी गेल्यावर मोठ्या बाई रुमालाची घडी करत म्हणाल्या, पुढच्या महिन्यात नोटा घ्या. मग थांबून विचारलं, "त्यांना कोण करणार आहात?"

"शेजारी," ताई म्हणाल्या. "शेजाऱ्यांना कुणी इतकं धरून ठेवत नाही."